पाहुण्यांच्या खोलीतील मूल

आपल्या घरात भूत वावरते असे एखाद्या गृहस्थाला समजले, तर तो काय करील? आपल्याकडे तरी तो प्रथम एखाद्या जाणत्याला बोलावील, उतारा टाकील आणि तेवढ्याने भागले नाही, तर घर विकावयास काढील. गिऱ्हाइकाला मात्र त्यातले अवाक्षर सांगणार नाही. आपला मुंजा हेही अल्पवयात गेलेल्या मुलाचेच भूत. पण त्याला आपण जागा दिली आहे ती पिंपळावर, घरात नव्हे. जपानच्या ईशान्य भागात मात्र अशी घरे आहेत की, जेथे एखादे मूल पिढ्यान्‌पिढ्या अदृश्यपणे नांदते असे मानले जाते; आणि घरच्या माणसांना चिंता असते ती त्याला घालवावे कसे याची नव्हे, तर ते आपल्याला सोडून तर जाणार नाही ना, याची.

या बालकाला तेथे ‘झाशिकी-वाराशी’ म्हणतात. झाशिकी म्हणजे घरातील पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली उत्तम खोली, आणि वाराशी हा मूल या अर्थी तिकडच्या बोलीतला शब्द. हा समज मुख्यतः इवाते प्रांतात व त्याच्या आसपास आढळतो. होन्शू बेटाच्या उत्तर भागातील हा डोंगराळ आणि कडक हिवाळ्याचा मुलूख. तेथील शेतकऱ्यांची जुनी घरे काटकोनात वळलेली असत. एका अंगास माणसे, दुसऱ्या अंगास घोडे आणि दोहोंवर एकच गवती छप्पर. दारातून आत शिरताच मातीची जमीन, पुढे जमिनीतच खोदलेल्या आगटीभोवतीची बसण्याउठण्याची जागा, आणि अगदी आत, भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया अंथरलेली ती झाशिकी. पाहुणा आला किंवा घरात कार्य निघाले तरच ही खोली उघडावयाची. एरवी ती रिकामी, गार आणि अर्धवट काळोखी. ज्या खोलीत कोणी राहत नाही तेथे कोणी तरी राहत असले पाहिजे, असे लहान मुलांना सर्वत्रच वाटते. इवातेमध्ये ते मोठ्या माणसांनाही वाटत आले आहे.

या मुलाचे वय कोणी पाच-सहा वर्षांचे सांगतात, कोणी बारा-तेरा. कधी तो मुलगा असतो, कधी मुलगी. केस कपाळावर आणि कानांशी सरळ कापलेले, चेहरा लालसर. दिसण्यापेक्षा ते ऐकू येते अधिक. रिकाम्या खोलीत कोणी धावत गेल्यासारखे वाटते, मध्यरात्री सूत कातण्याच्या रहाटाची घरघर होते, सकाळी आगटीतील राखेवर इवलीशी पावले उमटलेली आढळतात. पाहुणा त्या खोलीत निजला, तर त्याची उशी उलटी होते किंवा कोणी तरी अंगावर येऊन बसते. खोड्या एवढ्याच. त्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. काही घरांत या मुलासाठी तांबड्या अझुकी कडधान्याचा भात काढून ठेवण्याची रीत होती. हा भात जपानात मंगल प्रसंगी करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे घरातील त्याचे स्थान कळते.

या समजुतीची कीर्ती इवातेबाहेर गेली ती दोन माणसांमुळे. यानागिता कुनिओ हे त्या वेळी टोकियोत सरकारी अधिकारी होते. पुढे त्यांना जपानी लोकविद्येचे जनक म्हणू लागले. इवातेमधील तोनोच्या खोऱ्यातून आलेला सासाकी किझेन हा तरुण त्यांच्याकडे येई आणि आपल्या गावाकडच्या कथा सांगे. त्या कथा यानागितांनी 1910 साली ‘तोनो मोनोगातारी’ या नावाने छापल्या. प्रती काढल्या अवघ्या 350. कथा एकूण 119, आणि त्यातील कित्येकांत घर कोणाचे, गाव कोणते, माणसाचे नाव काय, हे सारे दिलेले आहे. सासाकींच्याच घरची एक हकीकत तीत आहे. त्यांची आई एकटी शिवणकाम करीत बसली असता शेजारच्या खोलीत कागदाची सळसळ ऐकू आली. ती खोली घरधन्याची आणि घरधनी तर टोकियोला गेलेला. तिने दार सरकवून पाहिले; आत कोणी नाही. ती पुन्हा कामास बसली, तो आता तेथून नाक ओढल्याचा आवाज येऊ लागला. सर्दी झालेल्या मुलाचा असतो तसला! हकीकत एवढीच आहे. आई ओरडली नाही, पळाली नाही. ते मूल असावे असे तिने ठरविले.

याच पुस्तकात यामागुची मागोझाएमोन नावाच्या धनवान शेतकऱ्याची कथा आहे आणि ती वाचल्यावर ही समजूत केवळ गंमतीची राहत नाही. या घरात दोन बालिका वास करतात असे गावात पूर्वापार बोलले जाई. एके वर्षी गावातला एक मनुष्य तालुक्याहून परतत असता त्याला पुलापाशी दोन अनोळखी, सुरेख मुली भेटल्या. त्या विचारात गढल्यासारख्या दिसत होत्या. कोठून आलात, असे त्याने विचारता त्या म्हणाल्या, मागोझाएमोनच्या घरून. आणि निघालात कोठे? त्यांनी दुसऱ्या एका गावच्या शेतकऱ्याचे नाव सांगितले. मागोझाएमोनचे घर आता संपले, हे त्या मनुष्याने तेथेच ओळखले.

पुढे काही दिवसांतच त्या घरच्या पेरूसारख्या फळाच्या, म्हणजे नासपतीच्या झाडाभोवती कधी न पाहिलेल्या अळंब्या उगवल्या. खाव्या की न खाव्या, असा वाद झाला. न खाणे बरे, असे धन्याचे मत पडले. पण एका गड्याने त्या निर्विष करण्याची युक्ती आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले आणि सर्वांनी त्या खाल्ल्या. घरची वीसहून अधिक माणसे एका दिवसात मेली. वाचली ती फक्त सात वर्षांची एक मुलगी. ती बाहेर खेळण्यात इतकी रमली होती की, जेवावयास यावयाचेच विसरली. मग नातलग धावून आले. कोणी म्हणे आमचे येणे आहे, कोणी म्हणे अमुक वस्तू आम्हांला देण्याचे कबूल केले होते. अशा रीतीने घरातले सारे त्यांनी उचलून नेले, रांधणीतला आंबवलेल्या सोयाबीनचा मसालाही ठेवला नाही. ती मुलगी पुढे म्हातारी होऊन निपुत्रिक वारली.

या कथेत भय वाटावे असे काही असेल, तर ते त्या दोन बालिकांत नाही, नातलगांत आहे. बालिकांनी कोणाला मारले नाही. त्या फक्त निघून गेल्या. ज्या घरी हे मूल राहते ते घर भरभराटते आणि ते सोडून गेले की घर बसते, असा हा विश्वास आहे. कोमात्सु काझुहिको या अभ्यासकाने त्याचा उलगडा असा केला आहे की, गावातील एखादे घर एकाएकी श्रीमंत का झाले आणि दुसरे धुळीस का मिळाले, याचे कारण गावकऱ्यांना अशा कथांतून सापडत असे. हे पटण्यासारखे आहे. एका घरून निघालेले मूल दुसऱ्या घरी जाते, या बोलण्यात शेजाऱ्याच्या भाग्याचा हिशेब असतो आणि थोडी असूयाही असते.

परंतु मग हे भाग्य मुलाच्याच रूपाने का यावे? सासाकी किझेन यांनी 1920 साली या बालकांविषयीच्या कथांचे एक स्वतंत्र पुस्तक काढले. त्यात आलेले काही प्रकार अंगावर काटा आणणारे आहेत. गोरेगोमटे, देखणे मूल हे वरच्या प्रतीचे. परंतु खालच्या प्रतीचीही मुले असतात. एक मातीच्या जमिनीतून निघून रात्री खोलीभर रांगत फिरते. दुसरे उखळात कांडल्यासारखा आवाज करते. या दोहोंची उत्पत्ती शोधताना सासाकी एका कटू गोष्टीपाशी आले. या मुलखात उन्हाळ्यात समुद्रावरून ‘यामासे’ नावाचे थंडगार वारे येत आणि ते टिकले तर भाताचे दाणे भरत नसत. 1780 नंतरच्या आणि पुन्हा 1830 नंतरच्या दशकात तेथे भीषण दुष्काळ पडले. खाणारी तोंडे कमी करण्यासाठी नवजात अर्भकाला मारून टाकण्याची चाल होती. तिला शब्द होता ‘माबिकी’, म्हणजे रोपांची विरळणी. शेतकऱ्याने शेतातलाच शब्द त्या कृत्यासाठी घेतला. अशा अर्भकाला स्मशानात नेत नसत; घरातच, मातीच्या जमिनीखाली किंवा रांधणीच्या आसपास पुरत. घरात वावरणारे मूल हे त्या अर्भकाचे असावे, असा सासाकींचा तर्क.

तर्कच तो, यानागितांचा कल या मुलाला घराचे रक्षण करणारी देवता मानण्याकडे होता. सर्वच कथांना सासाकींचा तर्क लागू पडत नाही हेही खरे. पण ज्या जमिनीवरून रोज चालावयाचे तिच्याखाली आपलेच मूल आहे, हे ज्या आईला ठाऊक होते, तिने रात्रीच्या पावलांचा अर्थ कसा लावला असेल? त्या मुलाला वाढू देणे परवडले नव्हते. आता ते घरात खेळते, वाढत नाही, खाण्यास मूठभर भात मागते आणि रागावलेलेही नाही.

ज्यांना हे मूल दिसते तीही बहुधा मुलेच. ‘तोनो मोनोगातारी’ छापले गेले त्याच 1910 सालच्या उन्हाळ्यात सासाकींच्या त्सुचिबुची गावच्या शाळेत असे एक मूल येऊन खेळत असल्याचा बोभाटा झाला होता. पहिलीतील मुलांना ते दिसे. ते पाहा, येथेच आहे, असे ती बोट दाखवून सांगत. वरच्या वर्गातील मुलांना व मास्तरांना काही केल्या ते दिसेना. पुढे 1926 साली मियाझावा केनजी या इवातेच्याच लेखकाने या बालकांवर एक छोटी कथा लिहिली. तीत फेर धरून खेळणारी दहा मुले एकाएकी अकरा होतात. अनोळखी चेहरा एकही नाही, सारखा चेहराही एकही नाही, तरी मोजावे तेव्हा अकरा! मियाझावा आणि सासाकी हे एकमेकांना ओळखत होते. 1933 च्या सप्टेंबरात दोघेही आठ दिवसांच्या अंतराने वारले.

अशा मुलासह राहणारे एक कुटुंब इवातेच्या निनोहे भागात किंदाइची येथील उन्हाळ्यांपाशी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, ‘ऱ्योकुफूसो’ नावाचे उतारूगृह चालवीत आले आहे. दंतकथा अशी की, चौदाव्या शतकातील यादवीत या घराण्याचे पूर्वज पळून येत असता कामेमारो नावाचा सहा वर्षांचा मुलगा वाटेत आजारी पडून वारला. मरताना त्याने घराण्याचे रक्षण करण्याचे वचन दिले. त्याची म्हणून जी खोली होती तीत निजावयास मिळावे यासाठी लोक वर्षावर्षांआधी जागा राखून ठेवीत. येताना बाहुल्या, चेंडू, मोटारी आणीत आणि तेथेच ठेवून जात. खोली खेळण्यांनी भरून गेली होती.

4 ऑक्टोबर 2009 रोजी संध्याकाळी या घराला आग लागली. सुमारे तीनशे वर्षांची ती लाकडी इमारत, ती खोली आणि त्यातली सारी खेळणी जळून गेली. माणसे मात्र सर्व सुखरूप बाहेर पडली. आवारात कामेमारोचे एक छोटे देऊळ होते, ते तेवढे आगीतून वाचले. मूल घर सोडून गेले, म्हणून हे झाले की, मूल होते म्हणून माणसे वाचली, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. त्या कुटुंबाने दुसरा पक्ष धरला असावा. कारण त्याने त्याच जागी पुन्हा घर उभारले. मे 2016 मध्ये ते उघडले आणि उतारू पुन्हा खेळणी घेऊन येऊ लागले.