बिलावर जीएसटी 5 टक्के, पण पैसे तेवढेच का? दुकानाच्या सॉफ्टवेअरमधली ही एक खूण तपासा

परभणी : ठिबकची नळी घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला दुकानदार छापील बिल देतो. बिलावर जीएसटी 5 टक्के दिसतो. पण घरी येऊन जुनं बिल शेजारी ठेवलं, तर बंडलाचे पैसे मागच्या वर्षाएवढेच. मग कर कमी झाला म्हणतात तो गेला कुठं?

22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी खाली आला. ठिबक, तुषार संच आणि शेतीच्या ट्रॅक्टरला आधी 12 टक्के होता, तो 5 झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग 18 वरून 5 वर आले. दुकानात खरेदी-विक्रीची नोंद टॅली, व्यापार अशा सॉफ्टवेअरवर होते. तिथं प्रत्येक मालाचा दर हातानंच बदलावा लागतो. गोंधळ होतो तो इथंच.

बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या किमतीजवळ एक छोटी निवड असते : ही किंमत करासह आहे की कराशिवाय. दिसायला किरकोळ आहे, पण शेतकऱ्याच्या खिशावर सगळ्यात जास्त फरक हीच पाडते.

समजा, नळीच्या एका बंडलाची मूळ किंमत 1,000 रुपये. 12 टक्क्यांनी कर 120, म्हणजे एकूण 1,120. दुकानदारानं सॉफ्टवेअरमध्ये 1,120 ही किंमत ‘करासह’ म्हणून भरून ठेवली. सप्टेंबरमध्ये त्यानं कराच्या रकान्यात 12 खोडून 5 केलं आणि किंमत तशीच ठेवली. आता सॉफ्टवेअर त्याच 1,120 मधून कर उलटा काढतं. बिलावर मूळ किंमत छापली जाते 1,066.67 आणि कर 53.33. बेरीज पुन्हा 1,120. बिल बघितलं तर एकदम बरोबर. टक्केवारी नवी, आकडेमोड चोख. पण जे 70 रुपये कमी व्हायला पाहिजे होते, ते मूळ किमतीत जाऊन बसले. नव्या दरानं तेच बंडल 1,050 ला पडायला हवं.

प्रत्येक वेळी दुकानदार मुद्दाम करतो असं नाही. कधी कंपनीच मूळ भाव वाढवते, कधी दुकानावरच्या पोराला दोन जागी बदल करायचा असतो हेच माहीत नसतं. पण शेतकऱ्यानं विचारायला काय हरकत आहे? जुन्या आणि नव्या बिलातली फक्त एकूण रक्कम बघू नका. ‘करपात्र रक्कम’ किंवा ‘टॅक्सेबल व्हॅल्यू’ असा रकाना असतो, तो बघा. मालही तोच आणि मापही तेच असताना हा आकडा अचानक वाढला असेल, तर कारण विचारायचं.

हीच निवड उलटी पडली तर काय होतं, ते युरियावर दिसतं. 45 किलोच्या गोणीचा 266 रुपये 50 पैसे हा भाव कर धरूनच आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो चुकून ‘कराशिवाय’ म्हणून भरला, की त्यावर आणखी 5 टक्के चढतात आणि बिल निघतं 279.83 चं. खरं तर 253.81 मूळ आणि 12.69 कर मिळूनच 266.50 होतात. गोणीवर छापलेल्या भावाच्या वर कर लावून पैसे मागितले, तर द्यायचे नाहीत. अंगठा लावल्यावर पॉस मशीनमधून निघणारी पावती वेगळी आणि दुकानाच्या संगणकाचं बिल वेगळं. दोन्ही घ्या, रक्कम जुळवून बघा.

शेतकऱ्यानं एवढं बारीक कशाला बघायचं, असं कुणी म्हणेल. व्यापारी भरलेला जीएसटी पुढच्या हिशेबात वजा करून घेतो. शेतकऱ्याची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळं त्यानं दिलेला कर त्याच्याच डोक्यावर राहतो. शिवाय ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर बिल अपलोड करावं लागतं. त्यात चूक राहिली तर फाईल अडकते आणि हेलपाटे शेतकऱ्यालाच.

बिलावर कर दिसतच नाही, तेव्हा

कर छापला नाही म्हणजे चोरीच, असं समजू नका. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही, त्यामुळं त्या ओळीला शून्य येणारच. खताला 5 आणि कीटकनाशकाला 18 टक्के आहे. तिन्ही वस्तू एकाच बिलात असतील तर तीन ओळींना तीन दर दिसले पाहिजेत. सगळ्या बेरजेवर एकच दर लावलेला दिसला, तर ते बिल चुकलेलं आहे. हेही लक्षात ठेवा की सप्टेंबरच्या कपातीत रासायनिक कीटकनाशक आलेलं नाही, त्याचे 18 टक्के कायम आहेत. तिथं दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

दुसरं कारण कंपोझिशन योजना. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला छोटा व्यापारी ती घेऊ शकतो. तो आपल्या उलाढालीवर थोडा कर स्वतः भरतो, गिऱ्हाईकाकडून कर घ्यायची त्याला परवानगी नाही. त्याच्या कागदावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नाही तर ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहिलेलं असतं. अशा दुकानदारानं वेगळा जीएसटी लावला तर ते बेकायदेशीर.

ही दोन्ही कारणं नसतील तर दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीत शोधायचा. बहुतेक वेळा त्या मालाच्या नोंदीत दर रिकामा असतो किंवा ‘करमुक्त’ निवडलेलं असतं. टॅलीत केंद्र आणि राज्याच्या कराची खाती बिलात घ्यायची राहून जातात. काही ठिकाणी हिशेबात कर बरोबर धरलेला असतो, पण दोन इंची थर्मल कागदावर रकाने मावत नाहीत म्हणून छपाईच्या सेटिंगमध्ये तपशील बंद करून ठेवलेला असतो. तो चालू करून मोठ्या कागदावर बिल द्यायला सांगा.

बिलावर सीजीएसटी 2.5 आणि एसजीएसटी 2.5 दिसलं की दोनदा कर घेतला असं काहींना वाटतं. तसं नाही, दोन्ही मिळून 5. पण परभणीच्या दुकानदारानं जिंतूर किंवा मानवतच्या गिऱ्हाईकाला आयजीएसटी लावलेलं बिल दिलं, तर गिऱ्हाईकाच्या नोंदीत राज्य चुकलेलं आहे. आयजीएसटी परराज्यातल्या व्यवहाराला लागतो, जसं हैदराबादहून आलेल्या मालाला. गिऱ्हाईकाला पैसे तेवढेच पडतात, डोकेदुखी दुकानदाराची : कर चुकीच्या खात्यात गेला की बरोबर खात्यात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो.

चुकलेलं बिल दुरुस्त कसं होतं

पेनानं खाडाखोड करून चालत नाही. जास्त कर लागला असेल तर दुकानदारानं क्रेडिट नोट काढायची आणि जास्तीचे पैसे परत द्यायचे. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवता येते. दुकानदारांनी आणखी एक जपावं : मालाचा जुना दर पुसून नवा टाकू नये. ‘अमुक तारखेपासून लागू’ असा रकाना असतो, तिथं 22 सप्टेंबर 2025 टाकून नवा दर जोडावा. नाही तर जुनं बिल उघडून पुन्हा सेव्ह केलं की काही सॉफ्टवेअर त्यालाही नवाच दर लावतात आणि भरलेल्या विवरणाशी हिशेब जुळत नाही.

दुकानाचा जीएसटी नंबर खरा आहे का, हे मोबाईलवरही बघता येतं. नंबर 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो टाकला की दुकानाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि दुकानदार नियमित आहे की कंपोझिशनवाला, हे कळतं. त्यासाठी लॉगिन लागत नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार करता येते. खताला छापील भावापेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे बिल घेऊन जायचं. मात्र पक्कं बिल हातात पाहिजे, कच्च्या चिठ्ठीवर कराचं काहीच सिद्ध करता येत नाही.