आगीचा पाद्री आणि आइसलँडची वाट

आइसलँडच्या सहलीचे जे छापील कार्यक्रम मराठी प्रवाशाच्या हाती पडतात, त्यांत रेक्याविक या राजधानीतून निघून रिंग रोडने, म्हणजे १९७४ साली पूर्ण झालेल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या चक्राकार महामार्गाने, सात-आठ दिवसांत बेटाला वळसा घालण्याची आणि वाटेत धबधबे, काळ्या वाळूचा किनारा व हिमखंडांचे सरोवर उरकण्याची तरतूद असते. व्हीक हे गाव सोडल्यावर योकुलसारलोन सरोवर येईपर्यंतचा टप्पा या कार्यक्रमांत केवळ अंतर म्हणून गणला जातो, आणि तेथील शेवाळाने झाकलेले लाव्हाचे मैदान खिडकीतून पाहून प्रवासी पुढे सरकतात. वास्तविक याच टप्प्यात सीदा नावाचा परगणा आहे, १७८३ सालच्या लाकी उद्रेकाने उद्ध्वस्त केलेला आणि एका खेड्यातील धर्मगुरूच्या लेखणीमुळे जगाला ठाऊक झालेला. ज्याला आइसलँड खरोखर समजून घ्यायचे आहे त्याने आपला सगळा बेत या परगण्याभोवती आखावा. मग उरलेले बेट पाहायचे राहिले तरी फारसे बिघडत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातून निघणाऱ्या प्रवाशाला तर या भूमीची ओळख घरापासूनच करून घेता येते. दख्खनच्या लाव्हाथरांची दक्षिण सीमा बेळगावच्या परिसरात येऊन संपते. जोयड्याखालचे खडक त्याहून कितीतरी जुने, अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे, धारवाड समूहातील आहेत, आणि कॅसलरॉकच्या परिसरातील मँगनीज त्याच समूहातले. म्हणजे जोयड्याहून लोंढा, खानापूर ओलांडून उत्तरेकडे जाताना प्राचीन भूमीवरून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाभूमीवर प्रवेश होतो. आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले दख्खनचे हे थर एखाद्या शंकूच्या मुखातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आले. या प्रकाराला भेगी उद्रेक म्हणतात. आइसलँडचे सर्वांत जुने खडकही सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांचेच आहेत आणि भेगी उद्रेक तेथे आजही होतात. सह्याद्रीची रचना ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिली आहे त्याला तेथील पायऱ्यापायऱ्यांचे कडे अपरिचित वाटणार नाहीत. सीदामधील किर्क्युबायरक्लाउस्तुर या गावाजवळ थंड होताना आकसलेल्या लाव्हाचे बहुभुज स्तंभ जमिनीच्या सपाटीला आलेले दिसतात. तशाच प्रकारचे स्तंभ पाहायला कर्नाटकातील प्रवासी मलपेसमोरच्या सेंट मेरीज बेटांवर जातातच, जरी तो खडक बेसाल्टहून वेगळ्या जातीचा आहे.

परवानग्यांचा भाग थोडक्यात आटोपतो. आइसलँड २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे; अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो निदान पंधरा दिवस आधी दाखल व्हावा लागतो, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण जोडावे लागते. ज्या तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकावर, गोवा पोर्तुगीजांकडे असताना, गाडी थांबवून भारतीय कस्टमची तपासणी होत असे आणि घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगीज तपासणी पुन्हा होत असे, त्या तालुक्याला सरहद्दीचे सोपस्कार नवे नाहीत. १९५५ च्या नाकेबंदीत ही रेल्वे वाहतूक थांबली.

खरा प्रश्न हंगामाचा आहे. लाकीच्या विवरमालेकडे जाणारा डोंगरी रस्ता, ज्याला तेथे एफ-२०६ असा क्रमांक आहे, बर्फ वितळून जमीन आवळून आल्यावर, साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतो आणि सप्टेंबरनंतर त्याचा भरवसा राहत नाही. नेमके हेच महिने जोयड्यात धुवांधार पावसाचे आणि भातशेतीचे असतात. तेव्हा शेतीवाडी असलेल्या कुटुंबाला लावणी आटोपल्यानंतरचे आणि चवथ येण्याआधीचे दिवस, म्हणजे बहुधा ऑगस्टचा मध्य, एवढाच काळ मोकळा सापडतो, आणि सुदैवाने तोच काळ लाकीसाठी उत्तम आहे. ध्रुवीय प्रकाशासाठी हिवाळ्यात जाण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्या दिवसांत उजेड चार-पाच तासांचा असतो आणि अंतर्भागातील रस्ते बंद असतात, म्हणजे प्रवासी आकाश पाहून येतो आणि भूमी पाहायची राहून जाते.

या भूमीचा अभ्यास करताना योन स्टाइनग्रिम्सन या नावापाशी थांबावेच लागते. १७२८ साली उत्तर आइसलँडमध्ये जन्मलेला हा माणूस धर्मगुरू होता, वैद्यकी करत होता, शेती व मासेमारी जाणत होता, आणि लोकापवादाने पोळलेलाही होता. तरुणपणी त्याने थोरुन नावाच्या विधवेशी विवाह केला. अपत्य फार लवकर झाल्यामुळे त्याचे डीकनचे, म्हणजे दुय्यम धर्माधिकाऱ्याचे पद गेले आणि तिच्या पहिल्या पतीच्या मृत्यूत त्याचा हात असावा ही कुजबुज आयुष्यभर पाठीस लागली. आपल्या मुलींसाठी त्याने जे आत्मचरित्र लिहून ठेवले त्यामागे हा कलंक पुसण्याची तळमळ स्पष्ट जाणवते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेलेले ते हस्तलिखित आज त्या भाषेतील महत्त्वाच्या आत्मचरित्रांत गणले जाते. १७७८ मध्ये तो सीदा येथे आला. पाच वर्षांनी, ८ जून १७८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी सकाळी, निरभ्र आकाशात उत्तरेच्या डोंगरांमागून काळा ढग उठला आणि पाहता पाहता घरांत अंधार झाला.

पुढील आठ महिने, ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत, सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवरील शंभराहून अधिक विवरांतून जवळजवळ १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर भूमी त्याखाली गेली. हे आकडे आधुनिक भूवैज्ञानिकांचे आहेत. परंतु उद्रेकाचा दिवसवार क्रम त्यांना लावता आला तो प्रामुख्याने योनने १७८८ मध्ये पूर्ण केलेल्या वृत्तांतावरून. त्याची नजर विलक्षण बारीक होती. आम्ल पावसाच्या थेंबांनी पानांना पडलेली भोके, नुकत्याच लोकर कातरलेल्या मेंढ्यांच्या पाठीवरचे भाजल्यासारखे डाग, जनावरांच्या सांध्यांवर, फासळ्यांवर आणि जबड्यावर आलेल्या गाठी, हे सगळे त्याने टिपून ठेवले. राखेबरोबर गवतावर बसलेल्या फ्लोरिनची ही विषबाधा होती, हे पुढे विज्ञानाने सांगितले. लक्षणे मात्र त्याने आधीच अचूक लिहिली होती. देशातील सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरे मेली, आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात पाचांतील एक माणूस दगावला. थोरुनही १७८४ मध्ये गेली.

योनची कीर्ती एका प्रवचनावर उभी आहे. २० जुलै १७८३ रोजी, लाव्हाचा लोंढा स्काफ्ता नदीच्या पात्रातून चर्चच्या रोखाने येत असताना, त्याने गावकऱ्यांना आत घेऊन नेहमीपेक्षा थोडीही घाई न करता उपासना केली. बाहेर येऊन पाहतात तो लोंढा होता तेथेच थबकलेला. तेव्हापासून तो ‘आगीचा पाद्री’ झाला, आणि १९७४ मध्ये गावात त्याच्या स्मरणार्थ चॅपल उभारले गेले. लाव्हा का थांबला याचा उलगडा त्याच्याच नोंदींतून होतो: तुंबलेल्या नद्यांचे पाणी लाव्हाच्या तोंडावर कोसळत होते, आणि महिनाअखेरीस उद्रेकाचा जोर भेगेच्या ईशान्य टोकाकडे सरकला. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. सर्वस्व जाताना माणसांना एका ठिकाणी शांत बसवणे हे कर्तृत्व दोन्ही बाजूंनी शाबूत राहते.

तथापि योनची थोरवी त्या प्रवचनापेक्षा पुढच्या वर्षी झालेल्या एका वादात अधिक दिसते, आणि सहलीच्या माहितीपत्रकांत त्या वादाचा मागमूसही नसतो. १७८४ मध्ये डेन्मार्कच्या राजसत्तेकडून, कारण आइसलँड तेव्हा त्या राज्याचा भाग होता, आलेल्या मदतीपैकी ६०० रिगस्दालर एवढी रक्कम शिक्का मारलेल्या पेटीत घालून, सीदाच्या प्रशासकाकडे पोहोचवण्यासाठी योनच्या स्वाधीन करण्यात आली. परतीच्या वाटेवर त्याला जनावरे विकत घेता येण्याजोगी आहेत असे दिसले, आणि घरी लोक उपाशी होते. त्याने शिक्का तोडून पेटी उघडवली आणि काही रक्कम आपल्या लोकांना पशुधन घेण्यासाठी वाटली. पैशाला पाय फुटले नव्हते, हिशेब होता, हेतूही मदतीचाच होता. पण वाटपाचा अधिकार दुसऱ्याचा होता, आणि अधिकाऱ्यांनी या कृत्याला उद्दामपणा ठरवले. उपासमारीच्या दोन वर्षांत आपल्या लोकांना सोडून न गेलेल्या या वृद्ध धर्मगुरूला दंड भरावा लागला आणि जाहीर क्षमा मागावी लागली. नियमाच्या दृष्टीने अधिकाऱ्यांचे चुकले नसेल. तरीही शिक्का शाबूत राखण्यासाठी एक आठवडा वाट पाहणे म्हणजे आणखी काही घरांची चूल विझू देणे, हे ज्याला समोर दिसत होते त्याचा निर्णय अधिक योग्य होता, असेच कागदपत्रे वाचून म्हणावे लागते. या अपमानाची जखम त्याच्या आत्मचरित्रात शेवटपर्यंत ओली आहे. १७९१ मध्ये तो वारला.

लाकीची छाया भारतावर किती पडली, हा प्रश्न मराठी वाचकाला साहजिकच पडतो. उद्रेकातून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात गेला आणि त्यापासून बनलेल्या आम्लकणांच्या धुक्याने उत्तर गोलार्धातील जमिनीवर पोहोचणारे ऊन अडवले. मोसमी वारे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील तफावतीवर चालतात. जमीन कमी तापली की वारे मंदावतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासाने आफ्रिकेतील पाऊस व नाईलचा पूर त्यामुळे घटल्याचे दाखवले, आणि फ्रेंच प्रवासी व्होल्नी याने इजिप्तमध्ये त्याच सुमारास पाहिलेल्या दुष्काळाशी ते जुळते. भारतातही मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे हा अभ्यास सुचवतो, आणि विक्रम संवत १८४० मधील, म्हणून ‘चालिसा’ म्हटला गेलेला, उत्तर हिंदुस्थानातील भीषण दुष्काळ १७८३-८४ चाच आहे. महादजी शिंद्यांना १७८४ च्या अखेरीस बादशहाकडून वकील-इ-मुतलकचे पद मिळाले तेव्हा दिल्ली-आग्र्याचा मुलूख या दुष्काळाने ओस पडला होता आणि महसुलाची चणचण त्यांच्या फौजेला पुढे सतत भोवली. पण एवढ्यावरून चालिसा लाकीने घडवला असे ठामपणे लिहिणे घाईचे ठरेल. पाऊस बिघडण्याची इतर कारणेही त्या वर्षांत संभवतात, आणि आफ्रिकेबाबतचा पुरावा भारताबाबतच्या पुराव्यापेक्षा बळकट आहे.

बेत आखताना किर्क्युबायरक्लाउस्तुर येथे निदान तीन मुक्काम धरावेत, आणि गाव लहान असल्याने खोल्या व्हिसाच्या अर्जाबरोबरच राखून ठेवाव्यात. एफ क्रमांकाच्या रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी सक्तीची आहे. वाटेत पुलाविना नद्या ओलांडाव्या लागतात, आणि अशा पाण्यात झालेले नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा धरले जात नाही, म्हणून सराव नसलेल्याने स्थानिक वाहनानेच जावे. ८१८ मीटर उंचीच्या लाकी डोंगरावर चढले की भेगेच्या दोन्ही बाजूंना विवरांची रांग आणि मागे व्हात्नायोकुल हिमनदीचे पठार दिसते. विवरांवरील शेवाळ पायाखाली एकदा उखडले की भरून यायला दशके लागतात, त्यामुळे आखलेली पायवाट सोडू नये. पाऊस झाल्यास नद्या फुगून रस्ता दिवसभर बंद राहू शकतो. त्यासाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा, आणि रस्ता उघडला नाही तर तो दिवस योनच्या चॅपलपासून स्काफ्ताच्या काठाने लाव्हा जेथे थांबला त्या जागेपर्यंत चालत जाण्यास द्यावा.