कृषि पदवीधर आणि स्वतंत्र उद्योग

शेतीचे उच्च शिक्षण घेतलेला तरुण गावी न परतता नोकरीच्या शोधात शहराकडे जातो, ही ग्रामीण भागातील जुनी तक्रार आहे. त्याच्या शिक्षणावर घरच्या शेतीचे उत्पन्न खर्ची पडते. त्याच्या ज्ञानाचा लाभ मात्र त्या शेतीस होत नाही. पीक कसे काढावे हे तो शिकतो. परंतु माल कोणास, केव्हा व कोणत्या दराने विकावा, याचा अनुभव त्यास क्वचितच मिळतो. ही उणीव भरून काढणे हे विद्यापीठांचे कर्तव्य होय.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषि विद्यापीठे आहेत. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने २०१५ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्टुडंट रेडी' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात ग्रामीण कार्यानुभवाबरोबरच प्रत्यक्ष उत्पादन व विक्रीतून शिक्षण देण्यावर भर देण्यात आला.

अशा शिक्षणाचे महत्त्व धिंगरी अळिंबीच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भिजवून, निर्जंतुक करून व निथळून, त्यात अळिंबीचे बियाणे थराथराने मिसळून पिशव्या भरतात. योग्य तापमान व ओलावा राखल्यास सुमारे तीन ते चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. येथवरचे काम पुस्तकावरूनही समजते. परंतु ताजी अळिंबी फार काळ टिकत नाही. गिऱ्हाईक आधी ठरविले नसेल तर माल वाया जातो. वाळविल्यास ती टिकते. मात्र १० किलो ताज्या अळिंबीपासून सुमारे १ किलोच सुकी अळिंबी मिळते. कोणता मार्ग किफायतशीर, हे हिशेबच सांगतो.

याकरिता विद्यापीठांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) विद्यार्थ्यांच्या गटास लहानसे भांडवल परतफेडीच्या अटीवर द्यावे.

(२) कच्चा माल, वीज, स्वतःची मजुरी व अवजारांची घसारा यांची नोंद रोज ठेवावयास लावावी.

(३) नफ्यात वाटा द्यावा. तोटा झाल्यास गुण न कापता त्याची कारणे लिहून घ्यावीत.

(४) पदवीनंतरही काही काळ प्रयोगशाळा व यंत्रसामग्री माफक भाड्याने वापरू द्यावी.

केंद्र शासनाने २००२ साली कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. तिच्याद्वारे कृषि पदवीधरांसाठी प्रशिक्षण व बँक कर्जाशी निगडित अर्थसाहाय्य यांची तरतूद झाली. परंतु कर्जाचा अर्ज लिहिणे आणि धंदा चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या विद्यार्थ्याजवळ पदवीपत्राबरोबर स्वतः राखलेली हिशेबवही असेल, त्यास बँकेपुढे आपली योजना मांडणे सोपे जाईल, आणि गावी परतण्याचे धैर्यही येईल.