ओसरीच्या दिव्याखाली

पतंग आणि फुलपाखरे एकाच गणातली, खवलेपंखी कीटकांची. मात्र जगात फुलपाखरांच्या जाती सुमारे १८ हजार, तर पतंगांच्या दीड लाखाहून अधिक. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगाच्या वाट्याला अजून दिव्यावर जळून मरण्याचा दृष्टान्तच आहे. त्याच्या बालपणाला मात्र शेतकऱ्यांनी भरपूर नावे ठेवली, तीही दोन्ही अर्थांनी. उंटअळी, घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी. या अळ्यांना पंख फुटले, की सगळ्यांचे मिळून नाव एकच उरते.

पतंग बघायला फारसे काही लागत नाही. ओसरीतला दिवा, शेजारी पांढरी भिंत किंवा दोरीवर टाकलेली जुनी चादर, आणि एक वही. फुलपाखराच्या मागे धावावे लागते; पतंग पहाटे जिथे बसला तिथे बहुधा संध्याकाळपर्यंत हलत नाही. मिशा पाहिल्या की ओळख पटते. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा कंगव्यासारख्या असतात. पहिल्या चार रात्री सगळे पतंग तपकिरीच दिसतात. मग डोळा सरावतो आणि त्या तपकिरीतून सालीचा, वाळक्या पानाचा, ओल्या मातीचा रंग वेगळा होऊ लागतो. पतंग पाहणाऱ्याला जो निवांतपणा मिळतो तो या सरावातच असावा. काही करायचे नसते, आणि घाई केली तर काही दिसतही नाही.

पतंग दिव्याकडे का येतो, याचे जुने उत्तर चंद्राचे होते. चंद्रावरून दिशा धरणारा जीव दिव्याला चंद्र समजून फसतो, असे मानत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी निराळेच दाखवले. आभाळाचा उजेड पाठीवर राहील अशा बेताने कीटक उडताना तोल सांभाळतात. दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे वळते आणि उड्डाण तिथेच घोटाळत राहते. प्रेमवेड वगैरे काही नाही, वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळेनासे होते. म्हणून तास-दोन तासांनी दिवा मालवणे बरे. नाहीतर पतंगाचे खाणे राहते, जोडीदार राहतो, आणि भिंतीवरची पाल व पहाटेचा कोतवाल आपले काम उरकतात.

पतंगांचे वर्ष पहिल्या पावसाने सुरू होते. वाळवीचे पंखवाले थवे दिव्यावर येतात त्याच सुमारास मातीतले कोष फुटू लागतात. आषाढ-श्रावणात भिंत भरून जाते. या दिवसांत तगरीच्या किंवा कण्हेरीच्या झुडपाखाली मिरीदाण्यांसारख्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर वर मान करून पाहावे. बोटाएवढी हिरवीगार अळी तिथे असते, पण पानांत ती सापडायला पाच-दहा मिनिटे लागतात. डिवचली की पुढचा भाग फुगवते आणि दोन निळसर-पांढरे डोळे वटारते. ते डोळे खोटे असतात. पोट भरल्यावर ती तपकिरी पडते, खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. त्यातून निघणाऱ्या पतंगाच्या पंखांवर सैनिकी गणवेशासारखी हिरवी नक्षी असते. अनंताच्या झाडावर वाढणाऱ्या त्याच्या भाऊबंदाचे पंख तर काचेसारखे पारदर्शक. कोषातून निघताना त्यांवर खवले असतात, ते पहिल्याच उड्डाणात झडतात.

सह्याद्रीलगतच्या घरांत याच दिवसांत कधी ॲटलास पतंग येतो. पसरलेले पंख २४ सेंटिमीटरपर्यंत भरतात, पण खायला त्याला कामाचे तोंडच नसते. अळीने साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. मादी एका जागी बसून गंध सोडते, आणि पिसासारख्या मिशांनी तो टिपत नर अंधारातून तिच्यापर्यंत पोचतो.

पाऊस ओसरताना गुळवेलीची पाने कुरतडलेली दिसतात. तिच्यावर वाढलेला पतंग मिटलेल्या पंखांनी वाळके पान वाटतो. दचकला की मागचे नारिंगी पंख उघडे पडतात. त्याची सोंड इतकी टणक असते की ती संत्र्या-मोसंबीची साल भेदते. विदर्भातल्या बागायतदारांना हा रस शोषणारा पतंग चांगला ठाऊक आहे, आणि त्यांना त्याचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पारिजातक आणि बूच यांची नळीदार पांढरी फुले मात्र रात्री उमलतात ती लांब सोंडेच्या पाहुण्यांसाठी. तिन्हीसांजेला फुलासमोर अधांतरी थरथरणारा पतंग क्षणभर पक्ष्यासारखा भासतो.

थंडीत भिंत रिकामी होते. हरभऱ्याचे शेत जवळ असेल तर घाटेअळीचा पतंग तेवढा येतो. वहीत अशा कोऱ्या रात्रीही लिहाव्यात, कारण पुढच्या वर्षी पहिला पतंग कधी आला ते त्यांच्याशीच ताडून बघता येते.

उन्हाळ्यात बरेच पतंग कोषात असतात. गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐनाच्या फांदीला लटकलेल्या टसरच्या कोषातला जीव थंडी-उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाला बाहेर पडतो. बागेत वाफे खणताना मातीतून तपकिरी, तुकतुकीत कोष निघतो. बोट लावले की त्याची शेपटी वळवळते. रताळ्याच्या वाफ्यात सापडणाऱ्या कोषाला घागरीच्या कानासारखी एक वळलेली मूठ असते. दहा सेंटिमीटरच्या आसपास लांब होणारी सोंड तिच्यात गुंडाळून ठेवलेली असते. असा कोष होता तिथेच पुन्हा मातीआड करावा.