खड्डा नेमका कुठे असावा?

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात, वोकिंग नावाचा जुना गोल्फ क्लब आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो या दोघा सभासदांनी तिथल्या चौथ्या होलवर, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, ऐन मध्यावर वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, खणवले. क्लबात खळबळ उडाली. सरळ, मधोमध मारलेला चेंडू वाळूत जाणार, हा कुठला न्याय? वकिलीचं शिक्षण घेतलेल्या टॉम सिम्पसनलाही ही तक्रार रास्त वाटत होती. तो स्वतः बघायला गेला, आणि जे पाहिलं त्याने असा भारावला की पुढे गोल्फ कोर्स आखणं हाच त्याचा व्यवसाय झाला.

त्या होलच्या उजव्या अंगाने रेल्वेचा रूळ जातो. चेंडू तिकडे गेला की दंड ठरलेला. रूळ आणि बंकर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चेंडू टाकला, तर पुढच्या फटक्याला ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, समोर खुलं मिळतं. डावीकडे ऐसपैस जागा आहे, जिवाला घोर नाही. पण तिथून ग्रीन गाठणं अवघड. म्हणजे पहिला फटका मारण्याआधीच ठरवायचं : धोका आत्ता पत्करायचा की पुढे?

त्याआधी इंग्लंडच्या अंतर्भागातले कोर्स बेतताना फेअरवेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे बांध आणि चर घालण्याची रीत होती. ते सगळ्यांनीच ओलांडायचे. यात कमजोर खेळाडू हमखास अडकायचा आणि ताकदवान खेळाडू त्या चराकडे बघतसुद्धा नसे. ज्याचा फटका आधीच तोकडा पडला, त्यालाच वर शिक्षा. लो यांनी १९०३च्या आपल्या पुस्तकात या रीतीविरुद्ध जी भूमिका मांडली, तिचं मूळ स्कॉटलंडमध्ये, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर होतं.

या कोर्सला मूळचा कुणी आखणारा नाही. समुद्राने मागे सोडलेली वाळूची जमीन, तिच्यावर खुरटं गवत. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशाला बसून जमीन उकरत, वारा ती वाळू उडवून नेई आणि खड्डा रुंदावत जाई, असं मानलं जातं. काही खड्डे खेळाडूंनीच पाडले असावेत : जिथे सगळ्यांचे चेंडू येऊन थांबत, तिथलं गवत फटक्यांनी उखडलं आणि खालची वाळू उघडी पडली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जिथे जायचा मोह सर्वांत जास्त, नेमका तिथेच खड्डा तयार झाला.

आज तिथे ११२ बंकर आहेत. त्यांच्या भिंती गवताच्या कापलेल्या थरांच्या असतात. विटांसारखे एकावर एक रचत, किंचित मागे झुकवत नेलेल्या. चेंडू या भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसला, तर पुढे मारायची सोयच उरत नाही. मागे किंवा आडवा काढावा लागतो. शिवाय भोवतालची जमीन बंकरच्या दिशेने उतरती असल्याने चार हात लांब पडलेला चेंडूही घरंगळत आत येतो.

सतराव्या होलवर, ज्याला रोड होल म्हणतात, धोका आत्ता की पुढे, या विचाराचं सर्वांत कठोर रूप दिसतं. ग्रीन अरुंद आणि तिरपं. मागे रस्ता आणि दगडी भिंत, पुढच्या डाव्या बाजूला खोल, छोटासा बंकर. पहिला फटका उजवीकडून, हॉटेलच्या आवाराला जवळजवळ घासून मारला, तर ग्रीन लांबीने उघडतं. भिऊन डावीकडे गेलात, की तो बंकर तुमच्या आणि निशाणाच्या मध्ये येऊन उभा राहतो. १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा इथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, उतारावरून बंकरात गेला, बाहेर यायला चार फटके लागले, आणि चार फटक्यांच्या या होलवर त्याच्या नावापुढे ९ लागले.

ॲलिस्टर मॅकेंझी या डॉक्टरने १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा काढला. बोअर युद्धात शल्यचिकित्सक असताना बोअर सैनिक खंदक कसे बेमालूम लपवतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि माणसाने खणलेला बंकर निसर्गातलाच वाटावा हा त्यांचा आग्रह तिथून आला. पुढे गोल्फपटू बॉबी जोन्ससोबत त्यांनी अमेरिकेतलं ऑगस्टा आखलं, तेव्हा तिथे सुरुवातीला बंकर होते जेमतेम २२. क्रिकेटमध्ये कव्हरची जागा मोकळी ठेवून फलंदाजाला ड्राइव्हसाठी खुणावणारा कर्णधार जे करतो, तेच मोजके बंकर योग्य जागी ठेवून साधतं.

याच्या अगदी उलट पंथही आहे. पिट्सबर्गजवळ पोलाद व्यवसायातल्या हेन्री फाउन्सने १९०३ मध्ये ओकमाँट उभारलं. चुकीच्या फटक्याची भरपाई होताच कामा नये, हे फाउन्स घराण्याचं तत्त्व. बंकरमधल्या वाळूत रुंद दातांच्या जड दंताळ्याने खोल सऱ्या पाडत, म्हणजे चेंडू सरीत रुतून बसावा. फ्लोरिडातल्या सॉग्रासचं सतरावं होल तर भोवती पाणीच पाणी असलेलं ग्रीन. तो कोर्स आखणाऱ्या पीट डाय यांनी तिथली चांगली वाळू कोर्सच्या इतर भागासाठी उपसली, मोठा खड्डा उरला, आणि त्यात पाणी भरण्याची कल्पना त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी दिली. थरार जबरदस्त आहे. पण तिथे दुसरी वाटच नाही. खेळाडूला ठरवायला काही उरत नाही, म्हणून मी त्या होलला वोकिंगच्या खाली ठेवतो.

२००० साली टायगर वूड्सने सेंट अँड्र्यूजची ओपन आठ फटक्यांनी जिंकली आणि ७२ होलमध्ये एकदाही बंकरात गेला नाही. शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर खेळणारा डेव्हिड डुव्हाल रोड होलच्या त्या बंकरात अडकला आणि होलवर ८ फटके घेऊन बाहेर पडला. वूड्सचं नियोजन अचूक होतं, यात शंका नाही. पण अनेक बंकर त्याच्या फटक्याच्या टप्प्याच्या अलीकडेच राहत होते, हेही तितकंच खरं. चेंडू आणि क्लब सुधारत गेले, तसा शतकभर खेळाडूला विचारात पाडणारा खड्डा नुसता शोभेचा होऊ लागला. २०१० मध्ये रोड होलची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, सुमारे ४० यार्ड मागे न्यावी लागली, तीही कोर्सच्या मूळ हद्दीपलीकडे. प्रत्येक क्लबाला अशी जागा कुठून मिळणार? जास्त जमीन म्हणजे जास्त पाणी, जास्त खर्चही. २०२३ मध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या संस्थांनी चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करून त्याचा पल्ला आवरायचं ठरवलं. चेंडू बनवणाऱ्या बड्या कंपन्यांमधून विरोध झाला. लांब फटका हाच प्रेक्षकांचा आनंद, असं सांगितलं गेलं. मला निर्णय पटतो. चेंडू कारखान्यात बदलता येतो; रोड होलचा बंकर पन्नास यार्ड पुढे सरकवला, तर त्याच्यामागचं ग्रीन, रस्ता आणि भिंत काही त्याच्याबरोबर सरकणार नाहीत.