फॉरमॅट मारला म्हणजे सारे गेले, असे नाही

हल्ली आपल्या वस्त्यांमधूनही घरोघरी संगणक दिसू लागला आहे. बहुधा तो जुना, कुणाच्या तरी कार्यालयातून निघालेला असतो. एकाच संगणकावर थोरली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, धाकटा अभ्यासाचे व्हिडिओ पाहतो आणि वडील विजेचे बिल भरतात. मग एके दिवशी संगणक अडून बसतो. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. शहाण्या घरात आधी बॅकअप घेतलेला असतो, म्हणजे साऱ्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवलेली असते. ती परत भरली जाते. फोटो येतात, कागदपत्रे येतात. पण इंटरनेटचा ब्राउझर उघडावा तर तो अगदी कोरा! खुणा करून ठेवलेली पाने नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते आणि सारे घर चिंतेत पडते.

अशा वेळी घाईने पुन्हा सारे पुसून नव्याने सुरुवात करू नये. पुष्कळदा माहिती जागेवरच असते, फक्त ब्राउझर ती भलत्याच ठिकाणी शोधत असतो. विंडोजवरील फायरफॉक्स या ब्राउझरचे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

खोली आणि पाटी

फायरफॉक्सचे दोन भाग असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम. तो केव्हाही फुकट मिळतो, त्याची काळजी नको. दुसरा भाग म्हणजे प्रोफाइल. आपल्या खुणा, पासवर्ड, इतिहास, आवडीनिवडी हे सारे त्या एका फोल्डरात असते. त्याच्या नावाची सुरुवात अर्थहीन अशा आठ अक्षर-अंकांनी होते आणि शेवटी बहुधा ‘डिफॉल्ट-रिलीज’ असे शब्द असतात.

चाळीच्या दारावर जशी नावांची पाटी असते, तशी ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’ नावाची एक लहानशी फाइल असते. कोणते प्रोफाइल कुठे आहे, हे फायरफॉक्स त्या पाटीवरून ओळखतो. बॅकअप परत भरताना खोली आली पण पाटी नवी राहिली, की फायरफॉक्स दुसऱ्याच रिकाम्या खोलीत जाऊन बसतो. उलट पाटी जुनी आली आणि खोली आलीच नाही, तर ‘प्रोफाइल उघडता येत नाही, ते हरवले असावे’ अशा अर्थाचा संदेश येतो.

आणखी एक कारण आहे. मे २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स ज्या फोल्डरात बसवला असेल, त्याप्रमाणे वेगळे प्रोफाइल धरतो. पूर्वी तो एका जागी होता आणि दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या जागी बसवला, तर जुने प्रोफाइल शेजारी असूनही नवे कोरे प्रोफाइल उघडू शकते.

खोली कशी शोधावी

प्रथम फायरफॉक्स पूर्ण बंद करा. पेनड्राइव्हवरच्या मूळ बॅकअपला हात लावू नका, त्याची आणखी एक प्रत काढा आणि त्या प्रतीवरच काम करा.

विंडोजचे बटण आणि ‘आर’ ही दोन बटणे एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, मग इंग्रजीत ‘ॲपडेटा’, मग पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे मध्ये जागा न सोडता लिहा. ‘रोमिंग’ नावाचे फोल्डर उघडेल. त्यात मोझिला, त्यात फायरफॉक्स आणि त्यात प्रोफाइल्स. जुने प्रोफाइल बॅकअपमधून आणून येथे ठेवा.

येथे पुष्कळांची फसगत होते. ‘लोकल’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरातही त्याच नावाचे प्रोफाइल दिसते. पण त्यात पाने लवकर उघडावीत म्हणून केलेला तात्पुरता साठा असतो. तेवढ्याचाच बॅकअप घेतला असेल, तर त्यातून पासवर्ड मिळणार नाहीत.

आता फायरफॉक्स उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘प्रोफाइल्स’ असे इंग्रजीत लिहा. सर्व प्रोफाइलांची यादी येईल. जुने त्यात असेल तर त्याला नेहमीचे म्हणून निवडा. नसेल तर ‘नवे प्रोफाइल’ करताना ‘फोल्डर निवडा’ हे बटण दाबून जुने फोल्डर दाखवा. नंतर ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करा. यादीतून काही काढायची वेळ आलीच, तर ‘फाइली पुसू का’ या प्रश्नाला ‘नको’ असेच उत्तर द्या.

जुन्या आवृत्तीचा अडथळा

‘आपण जुनी आवृत्ती सुरू केली आहे’ असा इशारा आला, तर ‘नवे प्रोफाइल’ हे बटण दाबू नका. बाहेर पडा, फायरफॉक्सची ताजी आवृत्ती बसवा आणि मग उघडा. नव्या आवृत्तीचे प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडल्यास खुणा व इतिहास बिघडू शकतात, म्हणून हा पहारा आहे. जुन्या संगणकावर विंडोज ७ परत टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: त्यावर फायरफॉक्सची ११५ च्या पुढची आणि क्रोमची १०९ च्या पुढची आवृत्ती चालत नाही.

कुलूप आणि किल्ली

पासवर्ड दोन फाइलींत असतात. ‘लॉगिन्स डॉट जेसन’ ही कुलूपबंद पेटी आणि ‘की४ डॉट डीबी’ ही तिची किल्ली. दोन्ही एकाच बॅकअपमधल्या, सोबत हव्यात. एक जुनी व एक नवी असेल तर पेटी उघडत नाही. मुख्य पासवर्ड ठेवला असेल तर तोही आठवावा लागतो. खुणा बिघडल्या असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि ‘ओ’ दाबून ग्रंथालय उघडा. तेथे फायरफॉक्सने आपणहून ठेवलेल्या तारीखवार प्रती असतात. त्यांतली एक निवडली, की आताच्या खुणांच्या जागी त्या दिवसाच्या खुणा येतात.

क्रोमचे गणित वेगळे आहे. त्यातल्या पासवर्डची किल्ली विंडोजमधल्या आपल्या खात्याशी बांधलेली असते. विंडोज नव्याने टाकले की खात्याचे नाव तेच ठेवले तरी खाते नवे होते. म्हणून क्रोमचे फोल्डर जसेच्या तसे आणले तरी खुणा दिसतात, पासवर्ड मात्र उघडत नाहीत. ते गूगल खात्यात आधी साठवलेले असतील, तरच त्या खात्यात शिरल्यावर परत मिळतात.

फॉरमॅट मारण्यापूर्वी

दुरुस्तीवाल्याकडे संगणक देण्याआधी ब्राउझर बंद करा आणि रोमिंगमधले मोझिला फोल्डर पूर्ण उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. ब्राउझर चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट येऊ शकते. पासवर्डांची यादी फाइल म्हणून बाहेर काढलीत, तर ती कुणालाही वाचता येते हे विसरू नका. काम होताच ती पुसून टाका. आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, बँकेचा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर कुलपात ठेवा. त्या वहीवर फॉरमॅटचा काही परिणाम होत नाही.