दोन कामे, एक नौका

जुलै २०२० मध्ये सॅन डिएगोच्या धक्क्यावर ‘बॉनहोम रिचर्ड’ चार दिवस जळत राहिली आणि अमेरिकेकडे उभयचर हल्ल्याच्या मोठ्या नौका नऊच उरल्या. सैन्य किनाऱ्यावर उतरवणे हे या नौकांचे मूळ काम. त्यांनाच छोट्या विमानवाहू नौका म्हणून राबवण्याचा हव्यास अशा टंचाईत अधिकच महाग पडतो.

कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात ‘ग्वाम’ या अशाच नौकेवर सरळ खाली उतरू शकणाऱ्या हॅरियर विमानांच्या चाचण्या झाल्या. १९९१ मध्ये ‘नासाउ’वरून, २००३ मध्ये ‘बटान’ आणि ‘बॉनहोम रिचर्ड’वरून हॅरियरनी इराकी फौजांवर हल्ले केले. मोठ्या विमानवाहू नौका सोबतीला होत्या, म्हणून उणिवा झाकल्या गेल्या.

खरी चूक पुढच्या दशकातली. २०१४ मध्ये ‘अमेरिका’ आणि २०२० मध्ये ‘ट्रिपोली’ दाखल झाली, ती वेल डेकविना. पाणी आत घेऊन होड्या सोडणारा पाठीमागचा हा कप्पा वगळून मोठे हँगर आणि विमानांच्या इंधनाला जागा दिली गेली. रणगाडे आणि अवजड वाहने होड्यांतून उतरवण्याची सोय या नौकांनी गमावली. मरीन सैनिकांच्या दृष्टीने हे मोठेच नुकसान होते.

मोबदल्यात २०२२ मध्ये ‘ट्रिपोली’वर वीस एफ-३५बी विमाने एकत्र उडवून पाहता आली. मोठ्या विमानवाहू नौकेवर साठाहून अधिक विमाने असतात आणि तिचा वेग तीस नॉटच्या वर जातो. ‘ट्रिपोली’ बावीसच्या आसपास थांबते. एफ-३५बीमध्ये वैमानिकाच्या पाठीमागे विमान उचलून धरणारा पंखा बसवलेला असतो. त्याने इंधनाची जागा खाल्ल्यामुळे जाऊन परत येण्याचा पल्ला (लढाऊ त्रिज्या) सुमारे ४५० सागरी मैल, तर मोठ्या विमानवाहू नौकांवरच्या एफ-३५सीचा ६००. सरळ खाली उतरताना सारे वजन इंजिन आणि पंख्यालाच पेलावे लागते, त्यामुळे न वापरलेली शस्त्रे परत आणण्यावरही मर्यादा येते.

सर्वांत मोठी उणीव टेहळणीची. विमान वेगाने ढकलणारे कॅटापल्ट आणि उतरताना अडकवणाऱ्या तारा या नौकांवर नसल्याने ई-२ हॉकआय हे रडार विमान इथून उडवता येत नाही. ही उणीव किती घातक असते, ते फॉकलंड युद्धाने १९८२ मध्येच दाखवले होते. पुढे भारताची ‘विराट’ झालेली ‘हर्मिस’ ज्या ब्रिटिश ताफ्यात होती, त्याच्याकडे आकाशातून पाहणारे रडार नव्हते. खाली उडत आलेल्या अर्जेंटिनी विमानांच्या क्षेपणास्त्राने या ताफ्यातली विनाशिका ‘शेफील्ड’ निकामी झाली आणि काही दिवसांत बुडाली.

‘ट्रिपोली’नंतरच्या ‘बोगनव्हिल’च्या आराखड्यात वेल डेक परत आला आणि त्यासाठी हँगर लहान करावे लागले. एका सांगाड्यात दोन्ही कामे पूर्ण क्षमतेने मावत नाहीत, हेच या फेरबदलातून सिद्ध होते.